भिवाचं ताट

सुंदराबाईने आयुष्यात हुतूतूचा एकही सामना पाहिला नाही. तरी परळ-लालबागमध्ये हुतूतूबद्दल तिच्याइतकं ऐकलेलं बाईमाणूस दुसरं सापडलं नसतं. ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची आणि पाठीमागे पंगतीत रविवारचा सामना आठवडाभर खेळला जायचा. कुणी कुठल्या बाजूने चढाई केली, कुणाचा घोटा कुणी धरला, पंचाने कुणाला उगाच बाद दिलं, सगळं तिला फोडणीच्या क्रमासारखं पाठ होतं. मैदान तिच्या मनातलंच. ते तिला नेहमी आपल्या खोलीएवढं दिसायचं. मधोमध रेघ, अलीकडे चूल, पलीकडे मोरी.

खोली डिलाईल रोडवरच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर. नवरा गिरणीत होता. छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा मागे मूल नव्हतं, दीर विचारत नव्हते. गुहागरकडे परत जाऊन भावजयीच्या हाताखाली राहायचं, की इथेच चूल पेटती ठेवायची, एवढाच प्रश्न होता. तिने चूल ठेवली. आधी नवऱ्याच्या खात्यातले दोघे जेवायला येऊ लागले. दोनाचे अकरा झाले. भिंतीला लाकडी मांडणी, तिच्यात अकरा खाचा आणि अकरा पितळी ताटं. प्रत्येकाच्या काठावर ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर ठोकलेलं. दुसऱ्याच्या ताटात कुणी जेवायचं नाही. गाववाला पाहुणा आला तर त्याला पत्रावळ.

अकरातले बहुतेक हुतूतूच्या वाघजाई मंडळाचे. म्हणजे खेळणारा एकच, बाकीचे बोलणारे. बोलण्यात दत्ताराम पहिला. साचेखात्यात मागावर कामाला होता, पण साच्यापेक्षा त्याचं तोंड जास्त चालायचं. दुसरा कोंडीराम, पन्नाशीतला. एके काळी स्वतः खेळलेला, गुडघा मोडल्यावर मत उरलेला. तिसरा रॉक, माझगावचा, गिरणीत फिटर. आई वारल्यावर मासळीच्या वारी सुंदराबाईकडे जेवायला यायला लागला आणि हळूहळू सगळ्याच वारी येऊ लागला. चर्चच्या आवारात बास्केटबॉल खेळायचा.

"त्या तुमच्या खेळात म्हणे हात लावला तरी गुन्हा," दत्ताराम म्हणायचा.

"फाउल," रॉक म्हणायचा.

"मग लोक बघायला जातात ते काय, तुमचे कपडे?"

"चेंडू असतो रे आमच्यात. तुमच्यात काय असतं? तंगडी."

आणि खेळणारा तो भिवा. गुहागरकडचाच, सुंदराबाईच्या गावापासून दोन कोसांवरचा. अठराव्या वर्षी ट्रंक घेऊन आला तो तिच्या दारात. सहा वर्षं तिच्या हातचं जेवत होता. अंगाने वेताच्या छडीसारखा, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याचं सगळं बळ त्याच्या दमात होतं. एका दमात पलीकडे जाऊन तिघांना शिवून तो परत यायचा, आणि तरी त्याचा श्वास उरलेला असायचा म्हणे. जेवायच्या आधी मोरीत हातपाय धुताना त्याच्या तोंडात ते बारीक चालू असायचं, तूतूतूतू, तांब्यातलं पाणी संपेपर्यंत. सुंदराबाई तव्यावर भाकरी टाकायची ती त्या आवाजावर. आवाज थांबला की भाकरी उलटायची.

मंडळाचे लोक त्याच्या तब्येतीची चौकशी त्याच्याकडे करत नसत, सुंदराबाईकडे करत. तो पाठमोरा झाला की दत्ताराम वाकून विचारायचा, "मावशी, किती?"

"साडेचार."

"मग रविवारी नायगाववाल्यांचं काही खरं नाही."

तीन भाकऱ्यांवर उठला तर सगळ्यांची तोंडं उतरायची. कोंडीराम म्हणायचा, "पोट बिघडलं असेल." दत्ताराम म्हणायचा, "पोट नव्हे, मन. गावाहून पत्र आलंय." भाकऱ्यांवरून भिवाचा खेळ सांगणारी म्हणून सुंदराबाईचा चाळीत मान होता. खालच्या माळ्यावरची माणसं जिन्यात तिला थांबवून विचारायची. ती पदर सावरून सांगायची, आणि सांगताना तिला बरं वाटायचं. पोटचं पोर शाळेत पहिलं आलं तर आईला वाटेल तसं.

पंचावन्न साल संपत आलं होतं. शहरात तेव्हा दुसरा विषय नव्हता. मुंबई कुणाची, एवढंच जो तो बोलत होता. नोव्हेंबरात गोळीबारात माणसं मेली होती, भिंतींवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या होत्या आणि फितूर हा शब्द नळावरच्या भांडणातसुद्धा यायला लागला होता. त्यातच वाघजाई मंडळ मोठ्या स्पर्धेत पुढे पुढे चाललं होतं. फायनल जानेवारीच्या अखेरीला. मंडळाने देवीपुढे नारळ ठेवून नेम केला होता की फायनल होईपर्यंत लग्न झालेल्या खेळाडूने बायकोला गावीच ठेवायचं. घरात बायको आली की दम जातो, हे कोंडीरामचं ठाम मत. त्याचा स्वतःचा गुडघा मोडला होता तो लग्नाच्या वर्षीच.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी भिवा एकटाच आला. सुंदराबाई सुकट निवडत होती.

"मावशी, एक तारखेपासून माझं ताट नको."

तिने मान वर केली नाही. "का रे? मीठ जास्त होतं?"

"लालबागला अर्धी खोली मिळतेय. एक तारखेला घेतली नाही तर दुसरा घेईल. शेवंतीला आणतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुणाला बोलू नका. मंडळात कळलं तर फायनलला बाहेर बसवतील."

"मी कशाला बोलू," सुंदराबाई म्हणाली.

तो गेल्यावर तिने सुकटाचं सूप बाजूला सारलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला तिने हिरवं लुगडं पाठवलं होतं. शेवंती म्हणजे तिच्या लेखी गावाकडे राहणारं एक नाव होतं. ते नाव आता इथे येऊन त्याला भाकऱ्या वाढणार. किती खाल्ल्या ते यापुढे शेवंतीला ठाऊक असणार. त्या दिवशी सुंदराबाईची आमटी खारट झाली.

रात्रीच्या पंगतीला दत्ताराम म्हणाला, "मावशी, एक तारखेला माझा एक गाववाला येतोय. जागा आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "भिवाचं ताट बंद होतंय एक तारखेपासून."

भिवाची तेव्हा रात्रपाळी होती. पंगतीत तो नव्हता. मग दत्तारामने हातातला घास खाली ठेवला.

"बंद म्हणजे? जेवणार कुठे तो?"

ती भाकरी थापत राहिली.

"मी सांगतो कुठे," दत्ताराम म्हणाला. "वरळीच्या त्या गिरणीच्या संघात नवे खेळाडू घेतायत. त्यांच्या खेळाडूंना जेवण गिरणीचं. दूध, अंडी, मटण. तिकडच्या माणसाला मागच्या रविवारी मी भिवाशी बोलताना बघितलं."

"वेळ विचारत असेल," रॉक म्हणाला.

"पाऊण तास?"

कोंडीराम म्हणाला, "भिवा तसा नाही. आणि गेला तर फायनलनंतर जाईल. आधी कसा जाईल?"

"फायनलला खेळेल हो. पण कसा खेळेल, ते विचारा. समोर कोण येणार फायनलला? वरळीवालेच. आणि त्यांचा मालक कुणाच्या बाजूचा? मुंबई दिल्लीला द्या म्हणणाऱ्यांच्या." दत्तारामने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. "मावशी, तुम्हाला काही बोलला?"

तवा तापला होता. एक वाक्य पुरलं असतं. बायको आणतोय, एवढंच. फार तर तो एका सामन्याला बाहेर बसला असता. सुंदराबाईच्या मनात आलं की मी शब्द दिलाय. तेव्हा तिला ते खरंच वाटलं. त्या शब्दाच्या खाली दुसरंही काही होतं. जाऊ दे, कळू दे त्यालाही, सहा वर्षांचं घर असं एका दुपारी सोडायचं म्हणजे काय असतं ते. ते तिने तेव्हा पाहिलं नाही. पुढे पाहायला तिला भरपूर वेळ मिळाला.

"मला कशाला बोलेल," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

चार दिवसांत बातमी पक्की झाली. किती पगार, कुठलं खातं, मुकादमाची जागा, सगळे तपशील येऊन चिकटले. भिवाच्या चाळीत त्याच्या पायरीवर कुणीतरी चुन्याने फितूर लिहिलं. उपांत्य सामन्याला तो चढाईला निघाला तेव्हा आपल्या बाजूची माणसं गप्प बसली. रॉक सांगत होता, "एवढी गर्दी, आणि त्याचा दम ऐकू येत होता. कधी ऐकू येत नाही." त्या शांततेत तो आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच चढाईत पकडला गेला. मंडळ कसंबसं जिंकलं. पण पंगतीत बोलणं एकच, पकडला गेला की स्वतःला धरू दिलं.

दुसऱ्या दिवशी तो खानावळीत आला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मावशी, ताट चालूच राहू दे."

खोली त्याने सोडली होती. बायकोला पत्र टाकलं होतं. हे त्याने मोरीशी, हात धुताना, तिला एकटीलाच सांगितलं. "आत्ता खरं सांगून उपयोग नाही. म्हणतील, बायकोचं निमित्त करतोय. फायनल जिंकून देतो, मग सांगेन."

सुंदराबाईने मांडणीतून त्याचं ताट काढलं आणि त्यात पहिली भाकरी वाढली. तिला आनंद झाला होता. हे ती पुढे कधीच विसरू शकली नाही, की त्या दिवशी तिला आनंद झाला होता.

जानेवारीच्या मध्याला रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद. नाक्यावर माणसंच माणसं आणि पलीकडे बंदुका. भिवा कधी मोर्चाला जाणारा नव्हता. गर्दीत दम कोंडतो म्हणायचा. त्या दिवशी तो चाळीच्या तोंडाशी उभा होता. दत्ताराम जाता जाता म्हणाला, "तू नको येऊस बाबा. तुझे मालक रागावतील."

भिवा आला. नाक्यापर्यंत आला, गर्दीतून पुढे आला आणि रिकाम्या रस्त्यात एकटा धावत सुटला. हातात दगड नव्हता, काठी नव्हती. हात पसरलेले, कंबरेत वाकलेला, जसा रेघ ओलांडताना वाकायचा तसा. रॉक जवळच होता. तो शपथेवर सांगायचा की भिवाच्या तोंडात तूतूतू चालू होतं.

फायनल झालीच नाही.

महिन्याभराने पंगत पुन्हा पहिल्यासारखी बसू लागली. दहाजणांची. अकरावं ताट मांडणीत तसंच उभं. बोलणं आधी दबकत व्हायचं, मग मोकळं झालं. आणि बोलण्यात भिवाच. नवीन पोरगं कुणी चांगलं खेळलं की, "भिवा असता तर." हळूहळू "असता तर"सुद्धा गळालं. "भिवा असा धरत नाही. भिवा डावीकडून जातो." मेलेला भिवा रविवारमागून रविवार चांगला खेळत चालला होता. पकडला जाणं त्याला आता ठाऊकच नव्हतं.

नाक्यावरच्या धावण्याचीही चर्चा व्हायची, सामन्याची व्हावी तशी.

"तीन पावलं जास्त गेला," कोंडीराम म्हणायचा. "तिथूनच फिरायला हवं होतं."

"फिरला होता," रॉक म्हणायचा. "मी बघितलं. डाव्या अंगाने फिरला होता."

"मग दम होता म्हणायचा."

"दम होता."

सुंदराबाई चुलीकडे तोंड करून ऐकायची. तिच्या मनातल्या खोलीएवढ्या मैदानात तो चुलीकडून निघायचा, रेघ ओलांडायचा, मोरीपर्यंत जायचा. आणि परत फिरायचा तिच्याकडे.

दुपारच्या वेळी, दोन पंगतींच्या मध्ये, तिला तो ऐकू यायला लागला. तीनच्या सुमाराला. चाळीत तेव्हा नळ नसतो, पोरं शाळेत असतात. मोरीतून बारीक तूतूतूतू. पहिल्यांदा ती उठून पाहून आली. पिंप झाकलेलं, तांब्या पालथा, फरशी कोरडी. दुसऱ्यांदा उठली नाही. हातातलं काम टाकून बसून राहिली, कारण दम कधी तुटतो ते तिला ऐकायचं होतं. तो तुटत नव्हता. खालच्या जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की आवाज नुसता नाहीसा व्हायचा.

शिमगा झाल्यावर शेवंती आली. भिवाची ट्रंक न्यायला, लालबागच्या चुलत भावाबरोबर. भाऊ तिला सकाळी खानावळीत सोडून कामावर गेला. संध्याकाळी नेतो म्हणाला. सुंदराबाईला वाटलं होतं, रडेल. ती रडली नाही. रिकाम्या हाताने बसवेना म्हणून तांदळाचं सूप पुढे ओढून निवडायला बसली. हात चपळ होते. वीस-एकवीसची असेल. कपाळ पांढरं.

जरा वेळाने तिने कमरेच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. घड्या पडून पडून मऊ झालेलं.

"मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "मास्तरांनी वाचलं, ओट्यावर, सगळ्यांसमोर. इतक्यात येऊ नको, कारण भेटीत सांगेन. आधी म्हणाले ये, मी बोचकं बांधलं. मग म्हणाले येऊ नको. गावात म्हणतात, मुंबईत दुसरी होती त्यांची, तिने येऊ दिलं नाही. सासू म्हणते, तुझ्यात काहीतरी पाहिलं असेल त्याने." सूप तिच्या हातात थांबलं. "मावशी, तुमच्याकडे सहा वर्षं जेवले. तुम्हाला ठाऊक असेल. होती का कोणी?"

"नव्हती गो," सुंदराबाई म्हणाली.

"मग का नको म्हणाले?"

तीन वाजले होते. मोरीतून आवाज सुरू झाला. सुंदराबाईने शेवंतीकडे पाहिलं. शेवंती तिच्याकडेच पाहत होती, उत्तराची वाट बघत. तिला काही ऐकू येत नव्हतं. ज्या बाईचा तो नवरा, तिच्या कानाशी तो येत नव्हता. तो येत होता जिने त्याला धाडलं तिच्याकडे.

"संध्याकाळी सांगते," सुंदराबाई म्हणाली. "पंगत बसू दे."

मधल्या तीन तासांत तिने किती वेळा ठरवलं आणि मोडलं. एकट्या शेवंतीला सांगितलं असतं तर भागलं असतं. पण शेवंती गावी जाऊन सांगणार, आणि गाव म्हणणार, खानावळवाली सांगते, तिचं काय. साक्षीला ही दहा माणसं हवी होती. आणि ही दहा माणसं म्हणजे तिची चूल. ती माणसं उठून गेली तर पन्नाशीत भावजयीच्या दारात जाणं आलं.

पंगत बसली. शेवंती आत पडद्यामागे. लोक आधी आवाज न करता जेवले. पण दुसऱ्या भाकरीला दत्ताराम बोलायला लागलाच. भिवाच्या बायकोने चांगलं ऐकावं, ही त्याची इच्छा असावी.

"माणूस चुकतो. तोही चुकला होता, गिरणीवाल्यांनी गळाला लावलं होतं. पण शेवटी भरून दिलं त्याने. असा मर्द..."

सुंदराबाई उठली. पिठाच्या हातानेच मांडणीतून भिवाचं ताट काढलं आणि पंगतीच्या मधोमध, रिकाम्या जमिनीवर ठेवलं.

"तो कुठल्या गिरणीत जात नव्हता," ती म्हणाली. "बायकोला आणत होता. लालबागला अर्धी खोली घेतली होती. तुमच्या नेमापायी लपवत होता. मला त्याने सांगितलं होतं."

"कधी सांगितलं होतं?" दत्तारामने विचारलं.

"तू मला विचारलंस त्याच्या आधी. त्याच दिवशी दुपारी."

"मग मावशी, तुम्ही..." त्याने ताट पुढे सारलं. "त्या दिवशी चाळीच्या तोंडाशी मी त्याला काय बोललो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"शब्द दिला असेल तुम्ही त्याला," रॉक हळूच म्हणाला.

बाहेर पडायची वाट होती ती. सुंदराबाईने ती घेतली नाही. "शब्द दिला होता. पण गप्प बसले ते शब्दासाठी नव्हे. तो माझं ताट सोडून चालला होता, त्याचा मला राग होता."

कोंडीराम मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे उपांत्यला तो पकडला गेला, तो आमच्यामुळे."

पडदा सरकला. शेवंती बाहेर आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. वाकून ताट उचललं, काठावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मास्तरांना दाखवावं तसं पोस्टकार्ड दत्तारामपुढे धरलं.

"मागच्या बाजूला लिहा," ती म्हणाली. "आत्ता बोलल्या ते. आणि खाली सगळ्यांची नावं."

दत्तारामने खिशातली पेन्सिल काढली. अक्षर धड येत नव्हतं, पण त्याने लिहिलं. बाकीच्यांनी सह्या केल्या. कोंडीरामने अंगठा दिला. सुंदराबाईनेही अंगठा दिला. तो पिठाचा उठला, म्हणून दिव्याच्या काजळीत बुडवून पुन्हा दिला.

जाताना शेवंती दाराशी थांबली. सुंदराबाई वाट बघत होती. शिवीची बघत होती, की दुसऱ्या कशाची, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"ताट नेते मी," शेवंती म्हणाली. आणि गेली.

पुढच्या महिन्यात सहा ताटं बंद झाली. दत्तारामचं पहिलं. तो खानावळीतही यायचा थांबला आणि मैदानावरही. रॉक आणि कोंडीराम राहिले. हळूहळू नवी माणसं आली, मांडणी पुन्हा भरली, एक खाच सोडून. साठ साली राज्य मिळालं तेव्हा चाळीत पेढे वाटले, मंडळाने भिवाच्या नावाने सामने भरवले. पंगतीत नवीन पोरं नव्या खेळाडूंबद्दल भांडायची, कोण कुठल्या गिरणीत जाणार, कुणाला कितीची बोली लागली. बोलता बोलता एखादा मागे वळून विचारायचा, "मावशी, तो तुमच्याकडे जेवतो ना? हल्ली किती खातो?"

"मी मोजत नाही," सुंदराबाई सांगायची.

तिला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर मोरी गप्प होईल. झाली नाही. दुपारी तीनला, चाळ रिकामी झाली की ते बारीक सुरू व्हायचं. फरक एवढाच की पूर्वी तो मोरीपाशीच असायचा. आता रेघ ओलांडून अलीकडे यायचा, मांडणीपर्यंत. तिथे रिकाम्या खाचेपाशी जरा घुटमळायचा आणि मग तिच्या पाठीशी येऊन थांबायचा. दम न तुटता.

सुंदराबाई वळून पाहायची नाही. तवा ठेवायची, एक भाकरी टाकायची आणि ती कधी उलटायची ते कळेना म्हणून बसून राहायची. भाकरी जळून काळी झाली की उठून खिडकीबाहेर कावळ्यांना टाकायची. मग संध्याकाळचं पीठ मळायला घ्यायची.